नवाबची काळी दाढी

२७ ऑगस्ट २०२५, मलकापूर

प्राण्यांच्या डॉक्टर क्रांती फोनवर म्हणाल्या, नवाबचं रोजचं लिहून ठेवा. काय खाल्लं, हालचाल कशी होती, रंग कसा होता. म्हणून ही डायरी काढली. दुकानाला दर वर्षी डायऱ्या भेट येतात, त्यांतली आहे. पानाचा फोटो काढून त्यांना पाठवायचा आहे, तेव्हा सुरुवातीपासून लिहिते.

माझे पती अजमल यांचं इथे काच आणि अ‍ॅल्युमिनियम सेक्शनचं दुकान. मिठाईवाले, सोनार, मोबाईलवाले यांचे काउंटर आणि शोकेस ते करायचे. दुपारी मी दुकानात बसायची. ते टेप धरून मापं सांगायचे, मी लिहून घ्यायची. दोन वर्षांपूर्वी सांगलीत पाळीव प्राण्यांच्या एका दुकानाचं काम करताना हा सरडा त्यांना आवडला. बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात. जात ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष भागातली, हा मात्र इकडेच जन्मलेला. हनुवटीखाली काट्यांची दाढी आहे. ह्यांनी त्याचं नाव नवाब ठेवलं. नोंदणी वगैरे रीतसर केली. तो आधी प्लास्टिकच्या क्रेटमध्ये राहायचा. उन्हाळा संपल्यावर ह्यांनी दर रविवारी बसून त्याच्यासाठी शोकेस केली. ती जुलैअखेर पूर्ण झाली. ८ ऑगस्टला गाडीतून काच उतरवून घेताना ह्यांच्या छातीत कळ आली आणि ते गेले.

मी इद्दतीत आहे. चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही. त्यामुळे नवाबला मी दवाखान्यात नेऊ शकत नाही. सगळं फोनवर.

आजचं : भोपळ्याचा कीस आणि शेवग्याचा पाला ठेवला होता, तो तसाच सुकला. अळ्यांकडे बघितलं नाही. काचेला नखं लावून उभा राहतो, पुढचे पाय एकामागून एक चालवतो, वर चढायला बघतो. पोट काचेला घासतं. थकला की बसतो, मग पुन्हा तेच. दाढी काळी.

२९ ऑगस्ट

काही खाल्लं नाही. दाढी काळी.

दुपारी औंधहून नात्यातल्या बायका आल्या. सासूबाई, म्हणजे अख्तरबी, आम्ही अम्मी म्हणतो, त्यांना सरळ शोकेससमोर घेऊन गेल्या. शोकेस हॉलमध्ये दारासमोरच आहे. येणारा प्रत्येक माणूस आधी ती बघतो. अम्मी म्हणाल्या, "माझा अजमल गेल्यापासून ह्याची दाढी उतरली नाही. अन्न सोडलंय. दार वाजलं की काचेवर धावतो. त्याला वाटतं, तोच आला."

बायकांनी डोळ्याला पदर लावला. शेजारच्या साळूबाई डबा परत द्यायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी म्हंते ही घोरपडच हाय. तेल काढलं असतं तर माझं गुडघं तरी ठीक झालं असतं."

"तो दुःखात आहे आणि तुम्हाला तेल सुचतंय?" अम्मी म्हणाल्या.

"आवं, चेष्टा केली. घटकाभर हसावं माणसानं. लय दिस झालं ह्या घरात कोण हसल्यालं न्हाई."

अम्मी खरंच थोड्या हसल्या. मला साळूबाईंचं बरं वाटतं, त्या माझ्याकडे टक लावून बघत नाहीत.

मी स्वयंपाकघरात कप धुवत होते. पाहुण्यांतली एक हळू आवाजात म्हणाली, जनावराला कळतंय, पण हिच्या डोळ्यांत पाणी नाही. दुसरीनं तिला गप्प केलं. कप धुऊन झाल्यावर मी पुन्हा एकदा धुतले.

हे पान डॉक्टरांना पाठवायचं नाही.

४ सप्टेंबर

एक अळी खाल्ली, अर्धी बाहेर टाकली.

माझे दीर मोहसीन आता दुकान बघतात. जेवण झाल्यावर ते दारात उभं राहून म्हणाले की सांगलीत त्यांच्या ओळखीचा एकजण कॅफे काढतोय. त्याला नवाब हवा आहे, शोकेससकट. काउंटरजवळ ठेवणार. मुलं बघायला येतील, फोटो काढतील. "भाभी, तुम्हाला एवढं करत बसायला लागणार नाही. आणि भाईचं काम चार लोकांच्या नजरेत राहील."

मोहसीन वाईट बोलत नाहीत. माझ्याच बऱ्यासाठी बोलत होते. विचार करून सांगते, असं मी म्हणाले.

शोकेसचं काम खरोखर देखणं आहे. सोनेरी सेक्शन, तिन्ही बाजूंनी स्वच्छ काच, मागे पूर्ण आरसा. आरशामुळे एकाचे दोन नवाब दिसतात. वर काचेचं झाकण, त्यावर दिवे. आत निळ्या दिव्यांची पट्टी, ती रात्रभर सुरू असते. खाली पांढरी चकचकीत टाइल. सोनारासाठी करतात तशीच, पण ह्यांनी सोनारासाठीसुद्धा एवढी जीव ओतून केली नसती. अम्मी रोज सकाळी ती वर्तमानपत्राच्या बोळ्यानं पुसतात. एक डाग राहू देत नाहीत. पुसताना ह्यांच्याशी बोलतात. मी तेव्हा त्या खोलीत जात नाही.

९ सप्टेंबर

डॉ. क्रांती आज व्हिडिओवर आल्या. त्या मूळच्या औंधच्या, दवाखाना सांगलीत आहे. बाई आहेत म्हणून मला बोलता येतं. त्यांनी मला फोन शोकेससमोर, मग बाजूनं, मग वरून धरायला लावला. मी सगळीकडून दाखवली. मला थोडा अभिमानच वाटत होता.

त्यांनी मागची बाजू पुन्हा दाखवायला सांगितली. मग विचारलं, "शाझियाताई, मागे काय आहे? आरसा?"

मी हो म्हणाले.

त्या म्हणाल्या, ह्या जातीच्या नराला दुसरा नर समोर आला की तो दाढी फुगवून काळी करतो आणि मान वरखाली करतो. इथे तो दुसरा नर चोवीस तास समोर आहे आणि जात नाही. तिन्ही बाजूंना माणसं दिसतात, लपायला काही नाही. रात्री उजेड. गुळगुळीत टाइलवर पाय ठरत नाहीत. आणि मोठी गोष्ट म्हणजे यूव्हीची ट्यूब काचेच्या झाकणावर ठेवली आहे. हाडांना लागणारा उन्हाचा भाग साध्या काचेतून आत येत नाही. ट्यूब महाग आहे, चांगली आहे, पण त्याच्यापर्यंत तिचा उपयोग पोहोचतच नाही.

मी विचारलं, मग दाढी दुःखानं काळी नाही?

"त्याला मालकाची सवय असेल, नाही म्हणत नाही. पण ही दाढी घरामुळे आहे."



ह्यांना काचेतलं सगळं कळायचं. कुठली काच किती जाडीची घ्यायची, कुठल्या काचेतून ऊन जास्त येतं, हे गिऱ्हाइकाला समजावून सांगायचे. उजेडाचा एखादा भाग काच अडवते, हे त्यांना कुणी सांगितलं नसणार. मलाही माहीत नव्हतं.

११ सप्टेंबर

सकाळी आरशावर आतून वर्तमानपत्र चिकटवलं. दुपारपर्यंत त्या बाजूला एकदाही धावला नाही. हनुवटी करडी झाली. पूर्ण पांढरी नाही, पण करडी.

नमाज पढून आले तर अम्मींनी कागद काढला होता. म्हणाल्या, त्याच्या कामावर असले चिंध्यांसारखे कागद लावू नकोस.  संध्याकाळी दाढी काळी.

१७ सप्टेंबर

काल चाळिसावा झाला. घरात दिवसभर माणसं. डाळ-मटणाचा दालचा दोनदा करावा लागला. कवठे महांकाळहून माझे भाऊ बादशहाभाई आणि भाभी आले होते. भाईंनी विचारलं, इद्दत संपली की नेऊ ना तुला? मी म्हणाले, बघू.

मी मधल्या खोलीत बसले होते. माझा पलंग तिथेच आहे आणि स्वयंपाकघरात जायची वाट तिथूनच. येणारी प्रत्येक बाई माझ्या चेहऱ्याकडे बघून पुढे जायची. मग हॉलमध्ये जाऊन नवाबकडे बघायची. मुलं काचेवर टकटक करत होती. अम्मी सगळ्यांना तेच सांगत होत्या. दाढी उतरली नाही. अन्न सोडलं.

संध्याकाळी माणसं कमी झाली तेव्हा मी गेले. तो टाइलवर पोटावर पसरला होता. उठायला गेला तर पुढचे पाय थरथरले आणि तो पुन्हा खाली बसला. डोळे मिटलेले.

२० सप्टेंबर

मोहसीननी काल त्याला सांगलीला नेलं. बुटाच्या मोठ्या खोक्यात जुना टॉवेल घातला, भोकं पाडली, झाकण बंद केलं. एक्स-रे काढला. हाडं मऊ पडली आहेत. आत्ता घर सुधारलं तर सावरेल, नाहीतर हिवाळा निघणार नाही, असं डॉक्टरांनी मोहसीनना स्पष्ट सांगितलं. कॅल्शियमची पावडर दिली आहे.

परत आल्यावर मोहसीन हॉलमध्ये खोकं घेऊन उभेच राहिले. म्हणाले, "भाभी, एक सांगू? दवाखान्यात झाकण उघडलं तेव्हा ह्याची दाढी पांढरी होती. पांढरीफेक. एवढ्या गाडीच्या आवाजात तो अंधारात झोपला होता."

मग त्यांनी त्याला शोकेसमध्ये ठेवलं. आम्ही दोघांनी बघितलं. आरशात दुसरा दिसला आणि दाढी काळी पडत गेली, दूध नासताना दिसतं तशी, डोळ्यांसमोर. मोहसीन रिकामं खोकं घेऊन बाहेर गेले. कॅफेचं नाव काढलं नाही.

२२ सप्टेंबर

फोनमधले फोटो बघत होते. शोकेस पूर्ण झाली त्या दिवशीचा एक आहे. हे शोकेसवर हात ठेवून उभे आहेत. कपाळाला काच चिकटवायचं सिलिकॉन लागलं आहे. हसताहेत. मी तो फोटो पुष्कळदा बघितला होता, पण ह्यांच्याकडेच बघत होते.

आज मागे बघितलं. आत नवाब आहे. दाढी काळी.

हे तेव्हा जिवंत होते.

२३ सप्टेंबर

अम्मींना सांगितलं. काल जमलं नव्हतं. त्या शोकेस पुसायला बसल्या तेव्हा मी शेजारी जाऊन बसले. फोटो दाखवला. मग डॉक्टर जे म्हणाल्या ते जसं आठवलं तसं सांगितलं. मला बोलायची सवय नाही, मध्ये मध्ये थांबले.

अम्मी बोळा हातात धरून ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे माझ्या मुलानं त्याला त्रास दिला?"

मी म्हणाले, नाही. त्यांनी बघणाऱ्याला आवडेल असं केलं. आयुष्यभर तेच काम केलं त्यांनी. ह्याला राहायला काय लागतं ते आपल्याला कुणालाच माहीत नव्हतं.

अम्मींनी फोटो पुन्हा मागितला. चष्मा लावून बघितला. दोन बोटांनी मोठा करायला मी शिकवलं. त्यांनी आधी ह्यांचा चेहरा मोठा केला. मग नवाबचा.

मग म्हणाल्या, "मग माझ्या अजमलसाठी रडतंय कोण?"

 त्या उठून नमाजासाठी वजू करायला गेल्या.

२४ सप्टेंबर

आज अम्मींनी काच पुसली नाही. नवाबनं काही खाल्लं नाही.

२८ सप्टेंबर

बिरदेव आला होता. दुकानातला सगळ्यात जुना कारागीर, ह्यांच्याबरोबर पंधरा वर्षं होता. आमच्या मधे पडदा होता. मी मापं सांगितली : मागचा आरसा काढायचा, दोन्ही बाजूंच्या काचा काढायच्या, तिथे प्लाय. झाकणाची काच काढून स्टीलची जाळी. ट्यूब आणि गरम दिवा जाळीवर. फक्त समोरची काच ठेवायची. टाइलवर खडबडीत फरशी.

पडद्यापलीकडे टेप गुंडाळल्याचा आवाज आला. मला वाटलं, निघाला. मग म्हणाला, "भाबी, मालकांचं शेवटचं काम हाय ते. माझ्या हातनं व्हायचं न्हाई. दुसरी करून देतो, नवी. हवी तशी. ही ऱ्हाऊ द्या."

बरोबरच होतं. मी पण तोच विचार केला होता. नवी करावी आणि ही रिकामी ठेवावी हॉलमध्ये. मी हो म्हणणार होते. कॅफेवाल्याला रिकामी दिली तरी चालेल, असंही मनात आलं.

तेवढ्यात अम्मी आतून आल्या. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. म्हणाल्या, "बिरदेव, अजमलनं ती कुणासाठी केली होती?"

"नवाबसाठीच की."

"मग नवाबच त्यात राहील. रिकामी पेटी पुसत मी बसू का जन्मभर? कर काय करायचं ते."

"अम्मी, आवं, हात चालंना झालाय माझा."

"चालव. मी बसते इथे."

आणि त्या खुर्ची ओढून बसल्या. नवाबला मी आधीच क्रेटमध्ये घालून आत आणलं होतं. पडद्याआडून ब्लेडचा आवाज येत होता. ह्यांनी सिलिकॉन इतकं भरून लावलं होतं की कड सुटत नव्हती. बिरदेव मधेच म्हणायचा, "काय चिकटवलंय मालकांनी. हत्ती बसला तरी हालायचा न्हाई." अम्मी म्हणायच्या, "हत्ती नाही, सरडा बसतोय." कामावर गप्पा चालतात तसे दोघं बोलत होते. मला ते ऐकत बसावंसं वाटलं.

मग ब्लेड थांबलं. बिरदेव म्हणाला, "ही पुढची कड मी न्हाई तोडणार."

"का?"

"बघा."

समोरच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यात ह्यांनी सिलिकॉन अंगठ्यानं सारखं केलं होतं. तिथे अंगठा उमटला होता, रेघारेघांसकट. गिऱ्हाइकाच्या कामाला ते पातं वापरायचे. घरचं म्हणून अंगठा वापरला असेल.

बिरदेव गेल्यावर मी बघितला. अम्मींनी तिथे बोट ठेवलं होतं.

५ ऑक्टोबर

वास पूर्ण जाईपर्यंत शोकेस उघडी ठेवली होती. आज नवाबला आत सोडलं.

आता ती शोकेस दिसत नाही, खोकं दिसतं. तीन बाजूंना साधा प्लाय. साईबाभळीची जाड फांदी साळूबाईंच्या बांधावरून आली. ती धुऊन वाळवून दिव्याखाली तिरकी लावली आहे. एका टोकाला तो दिवा, दुसरं टोक थंड. थंड बाजूला उलटं घातलेलं अर्धं फुटकं मातीचं मडकं, आत शिरायला. शोकेस हॉलमधून उचलून मधल्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवली, माझ्या पलंगाच्या पायथ्याशी. तिथे येण्याजाण्याच्या वाटेला पाठ होते.

डॉक्टर म्हणाल्या होत्या, त्याला वाटेल तेव्हा त्यानं बाहेर यावं आणि वाटेल तेव्हा कुणाला दिसू नये, एवढी सोय करा. निम्मं दुखणं तिथेच जातं. मी ते अम्मींनाही सांगितलं.

तो सरळ मडक्यात गेला. दिवसभर बाहेर आला नाही. खाल्लं नाही.

६ ऑक्टोबर

मडक्यात.

७ ऑक्टोबर

मडक्यात. साळूबाई डोकावून म्हणाल्या, "आदी दिसत तरी हुतं. आता भाड्याचं पैसं घ्या त्याच्याकडनं."

१० ऑक्टोबर

सकाळी दिव्याखाली फांदीवर होता. डोळे अर्धे मिटलेले, पाय पसरलेले. दाढी फिकट पिवळी. काचेकडे गेला नाही. तीन अळ्या खाल्ल्या, पावडर लावून.

मी अम्मींना हाक मारली. त्या लांबूनच बघत राहिल्या. म्हणाल्या, "विसरला मग तो अजमलला." रागानं म्हणाल्या नाहीत. मी म्हणाले, फांदीवर बसलाय फक्त.

१४ ऑक्टोबर

मी माझ्या पलंगाला पडदा लावून घेतला. जुनी चादर, दोरीवर. दिव्याचा उजेड डोळ्यांवर येतो म्हणून.

२२ ऑक्टोबर

दिवाळीचे फटाके चालू आहेत. नवाब दोन दिवस मडक्यातच, पण दाढी काळी नाही. डॉक्टर म्हणाल्या चालेल, त्याला कुठे जायचं ते माहीत आहे.

मोहसीनना मिठाईवाल्यांची कामं खूप होती. रात्री जेवताना बसल्या बसल्या डोळे मिटत होते. भावाची सगळी कामं अंगावर पडली आहेत, आणि ते कुणाला काही म्हणत नाहीत. मी दुपारी घरूनच मापं लिहून द्यायला सुरुवात केली आहे. ते फोनवर सांगतात.

२ नोव्हेंबर

कॅफेवाला आज सांगलीहून आला. मोहसीनकडून त्याला नको सांगायचं राहून गेलं होतं. मी स्वयंपाकघरात गेले, मग मोहसीननी त्याला मधल्या खोलीत आणलं. त्यानं प्लायचं खोकं बघितलं आणि म्हणाला, ह्यात ठेवून काय करू, गिऱ्हाइकाला दिसणार काय? शिवाय प्राणी पण झोपलेला. मोहसीन म्हणाले, हो, तो झोपतो आता. माणूस चहा पिऊन गेला.

मी असं काही ठरवून केलं नव्हतं. पण बरं वाटलं.

मागचा आरसा कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं. बिरदेवनं तो माझ्या कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभा केला आहे. तिथेच राहू दे.

१८ नोव्हेंबर

थंडी पडली. वीज गेली की त्याची काळजी वाटते. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून प्लायला बाहेरून टेकवते. पाय थरथरत नाहीत. डॉक्टर खूश आहेत, रोजचं पाठवायची गरज नाही म्हणाल्या. मी तरी लिहिते.

अम्मी आता समोरची काच सकाळी पुसत नाहीत. दिवा बंद झाला, तो मडक्यात गेला की पुसतात, हळूच. डावा कोपरा सोडून पुसतात. काल त्यांच्या बहिणीची सून आली होती, पोराला काचेवर टकटक करायला लावत होती. अम्मींनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, त्याला यायचं असेल तेव्हा येईल. ती म्हणाली, पण तुम्हीच म्हणायचात ना की तो रडतो? अम्मी म्हणाल्या, "मी चुकले होते. त्याला नुसती जागा नव्हती."

१ डिसेंबर

चांगलं खातो आहे. आज दुपारी काचेजवळ येऊन माझ्याकडे बघत बसला. डोकं थोडं वाकडं करून. मग निघून गेला.

बादशहाभाईंचा फोन. सोळा तारखेला न्यायला येतो म्हणाले. इकडे बायका पण जमणार, बांगड्या आणणार. इद्दत सुटली की येतात सगळ्या.

१६ डिसेंबर

काल इद्दत पूर्ण झाली. आज सकाळी आंघोळ करून भाभीनं आणलेली रंगीत साडी नेसले. हॉल बायकांनी भरला होता. औंधच्या त्याच, मलकापूरच्या, दोन कऱ्हाडच्या. तेल, बांगड्या, फुलं. भाई बाहेर ओसरीवर मोहसीनबरोबर चहा पीत बसले होते. गाडी दारात उभी.

मला मधे बसवलं. कुणी केसांना तेल लावलं, कुणी हात धरून बांगडी भरली. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. एकजण म्हणाली, किती वाळली. दुसरी म्हणाली, पण खंबीर आहे, डोळ्यांत पाणी नाही. ऑगस्टमध्ये जनावराला कळतंय म्हणाली होती तीच. ह्या वेळी कौतुकानं म्हणाली.  मी चष्मा आणते म्हणून उठले आणि मधल्या खोलीत आले. चष्मा माझ्या डोळ्यावरच होता.

पलंगावर बसले आणि पडदा ओढून घेतला.

थोड्या वेळानं बाहेर विचारणं सुरू झालं. कुठे गेली, बोलवा तिला, उशीर होतोय, भाऊ खोळंबलाय. कुणीतरी आत यायला निघालं, बांगड्यांचा आवाज जवळ आला.

अम्मींचा आवाज आला. "नको. बस तिथे."

"अहो, पण सगळ्या थांबल्यात."

"ती आत आहे. तिला वाटेल तेव्हा येईल. तुम्ही चहा घ्या."

आणि त्यांनी मधलं दार ओढून घेतलं. ते दार आमच्याकडे कधी लावत नाहीत, फुगलेलं आहे. त्यांना जोर लावावा लागला.

मग मला रडू आलं. आवाज येऊ नये म्हणून उशी धरली, नंतर तीही सोडली. पलीकडे अम्मी एकदम मोठ्यानं साळूबाईंना गुडघ्याचं विचारायला लागल्या. साळूबाई आणखी मोठ्यानं सांगायला लागल्या. किती वेळ गेला ते बघितलं नाही.

भाईंना अम्मींनीच सांगितलं की आज नको, आठ दिवसांनी या.

नवाबकडे बघायचं आज राहून गेलं. आता पडदा बाजूला करून बघितलं. तो मडक्यात आहे, शेपटीचं टोक फक्त बाहेर.